इंदूकाकी आणि मोज्यांचा चेंडू

आमच्या शेजारच्या इंदूकाकी हल्ली मासेवालीसमोरही गुडघे वाकवून उभ्या राहतात. पाय खांद्याएवढे फाकलेले, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे आणि नजर टोपलीतल्या बांगड्यांवर. पहिल्या दिवशी मासेवालीने हे ध्यान बघितलं आणि टोपली डोक्यावर घेऊन सरळ चालायला लागली. तिला वाटलं, म्हातारी आता झडप घालते की काय.

झडप वगैरे काही नव्हती. काकींचा सराव चालू होता. वय वर्षं सदुसष्ट, उंची माझ्या खांद्यापर्यंत (आणि माझीही काही सांगण्यासारखी नाही), आणि सराव कसला, तर बेसबॉलचा. रत्नागिरीत, मांडवीत, तुळशीपुढच्या अंगणात, म्हणजे आमच्याकडच्या खळ्यात!

आता या सगळ्यात मी कुठे आलो, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे लाज कमी वाटेल. मी शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली. मांडवीत मला सगळे मास्तर म्हणतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. एक शिट्टी आहे, ती अजून खिळ्याला टांगलेली असते. माझ्या आणि काकींच्या घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे आणि संध्याकाळी पाच वाजता त्या गडग्याला टेकून जगातल्या कुठल्याही विषयावर मत देणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. मत विचारणारं माणूस मात्र एकच, इंदूकाकी. विचारतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात.

पाडव्याच्या संध्याकाळी काकी गडग्याशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, बेसबॉल येता तुमाला?"

शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण तीस वर्षं शिट्टी वाजवलेल्या माणसाला 'येत नाही' हे दोन शब्द उच्चारता येत नाहीत. माझं बेसबॉलचं एकूण ज्ञान म्हणजे पीटीच्या पुस्तकातलं एक पान, आणि त्या पानावरही अर्धी जागा आकृतीने खाल्लेली. मी म्हटलं, "येतं म्हणजे काय! आपल्या क्रिकेटचीच धाकटी बहीण ती. पण तुम्हाला कशाला?"

"माजी सून येत्ये मे महिन्यात. ती खेळायची."

एवढं बोलून काकी तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. त्या सुनेच्या बाबतीत माझ्या हातून एक उपद्व्याप झालेला होता.

काकींचा एकुलता मुलगा निलेश. माझाच विद्यार्थी, तिरका धावायचा. जपानमध्ये एका कारखान्यात नोकरीला लागला आणि गेल्या वर्षी आंब्याचा मोसम संपता संपता त्याने कळवलं की आयुमी नावाच्या मुलीशी त्याने तिकडेच लग्न केलंय. आधी विचारलं नाही, बोलावलं नाही, नुसतं कळवलं. काकी दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "मास्तर, तुमचा लिवणा चांगला. त्याला कळवा, मना आवडला नाय म्हणून."

चार शब्दांचं काम. पण लिहिणं चांगलं म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी सतरा ओळी लिहिल्या. 'ज्या उंबरठ्यावर तुझ्या दिवंगत पित्याने घाम गाळला, त्या उंबरठ्यावर त्या परक्या मुलीची सावलीसुद्धा पडता कामा नये' हे वाक्य तर मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. स्वतःलाच. काकी तोवर दूध उतू जातंय म्हणून घरी पळाल्या होत्या. मी बोट दाबलं आणि मेसेज गेला.

त्यानंतर दहा महिने निलेशचा फोन नाही. काकी फोन पदरात गुंडाळून फिरायच्या. न्हाणीत जाताना तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवायच्या आणि दर दोन मिनिटांनी आतून विचारायच्या, "वाजला काय वो?" मी गडग्याला टेकून म्हणायचो, "नाही." माझ्या सतरा ओळींबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही. चांगला हुशार माणूस मी. गप्प बसायचं ते मला नेमकं तेव्हा सुचलं.

शेवटी पाडव्याला सकाळी फोन वाजला. पडद्यावर निलेश, आणि त्याच्या शेजारी हात जोडून उभी असलेली एक हसरी मुलगी. काकी मला सांगत होत्या, "काय बोलू? तिला मराठी नाय, मना तिचा काय कळत नाय. नुसत्या हसत बसलो दोघी. गाल दुखाया लागले माजे." निलेशने फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं की मे महिन्यात दहा दिवस येतो आणि आयुमी शाळा-कॉलेजात बेसबॉल खेळायची, अजून चेंडू हातात आला की जगाचं भान राहत नाही तिला.

"धा दिवस, मास्तर," काकी म्हणाल्या. "धा दिवस नुसता हसून कसा भागेल? पोरगी कंटाळून जाईल. आणि एकदा कंटाळली की परत कशाला येत्ये? आणि ती नाय तर तो पण नाय. मना चेंडू झेलता आला पायजे. बास."

मग काय, सराव सुरू झाला.

काकी मोबाइलवर घरच्या घरी बेसबॉल शिकवणाऱ्या एका गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघायच्या, तेही आवाज बंद करून. "बोलणा ऐकत बसला की बघायचा राहता," असं त्यांचं म्हणणं. शिक्षणशास्त्रावर इतकं नेमकं वाक्य मी तीस वर्षांत एकाही मुख्याध्यापकाकडून ऐकलं नाही. काकांचे जुने लोकरी मोजे एकात एक गुंडाळून, वरून सुतळी आवळून त्यांनी चेंडू केला. बॅट म्हणून कपडे बडवायचं धोपटणं. चेंडू ठेवायला खळ्यात बांबूचा खुंट रोवून त्याच्या डोक्यावर नारळाची करवंटी ठोकली. नेमासाठी फणसाला एक फुटकी टोपली आडवी बांधली. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की टोपलीत पन्नास वेळा चेंडू टाकायचा, एका गुडघ्यावर बसून. संध्याकाळी करवंटीवरचे फटके. मधल्या वेळात चहा गाळताना, भात ढवळताना, गॅसवाल्याला दार उघडताना गुडघे वाकलेले. आणि तोंडात एकच, "नजर काढायची नाय!" हे त्या चेंडूला म्हणायच्या, कुकरच्या शिट्टीला म्हणायच्या आणि मासे तोलणाऱ्या काट्यालाही म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मी गडगा ओलांडून गेलो. म्हटलं, "फटका असा नसतो काकी. सरा, दाखवतो." धोपटणं घेतलं, शाळेतल्या स्नेहसंमेलनाला उभा राहायचो तसा उभा राहिलो आणि घुमवलं. करवंटी फुटून तीन तुकडे विहिरीपर्यंत गेले. चेंडू खुंटाच्या बुडाशी, होता तिथे. काकींनी शांतपणे दुसरी करवंटी आणली. म्हणाल्या, "तुमी झेलायला उभे रावा मास्तर. फटका मी बगत्ये."

तेव्हापासून मी पलीकडच्या बाजूला. पण माझी खोड काही जात नाही. फटका मारून झाल्यावर धावायचं कसं, हे काकींनी विचारलं. पुस्तकातल्या पानावर ते बहुतेक आकृतीखाली गेलं असावं. मी ठोकून दिलं, "बॅट घेऊनच पळायचं आणि मुक्कामाला पोचलं की जमिनीवर टेकवायची. नाहीतर बाद." बेसबॉलमध्ये फटका मारला की बॅट तिथेच टाकून पळतात, हे मला नंतर कळलं, कधी, ते पुढे येईलच. काकी धोपटणं घेऊन पळायला लागल्या. पहिला मुक्काम विहिरीचा कठडा, दुसरा न्हाणीची पायरी, तिसरा तुळस, चौथा ओटीची पायरी. पण तुळशीला पाय कसा लावणार? म्हणून तिथे थांबून धोपटणं काखेत धरून नमस्कार करायचा आणि मग पुढे पळायचं. मी हे नियम मोठ्या गंभीरपणे मान्य केले.

फटका जमला, फेक जमली. अडत होतं ते झेलात. चेंडू आला की काकी दोन्ही हात पुढे करून टाळी वाजवल्यासारख्या झडपायच्या आणि चेंडू उडून जायचा. व्हिडिओ पंचवीस वेळा बघून झाले. मी सूचना दिल्या, त्याने आणखी बिघडलं. एप्रिल सरत आला तशी काकींची चिडचिड वाढली. एकदा चेंडू सुटला आणि त्या तिथेच मटकन बसल्या. "नाय जमायचा वो. ती येऊन भिंतीवर चेंडू मारीत बसंल एकटी, आणि मी बगत बसेन."

 मी शेजारच्या कलमाखाली गळून पडलेली एक कैरी उचलली आणि नुसती त्यांच्याकडे टाकली. "ही घ्या, चटणीला."

बसल्या बसल्या काकींचे हात वर गेले, कैरीला भेटले आणि कैरीबरोबरच अलगद खाली मांडीपर्यंत आले. आवाजसुद्धा झाला नाही. मी दुसरी टाकली, तिरकी. तीही तशीच. तिसरी लांब टाकली. काकी उठून चार पावलं गेल्या आणि बाळ घ्यावं तशी ती घेतली.

"काकी, हे कुठे शिकलात?"

त्या हातातल्या कैरीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "शिकायचा काय त्यात? हे झाडावर असायचे. शेंड्यावरच्या आंब्याला झेल्याची जाळीवाली काठी पोचत नाय, तो हातानं काढून वरून टाकायचे. मी खाली. हात आंब्यासंगती खाली न्यायचे, आंब्याला आडवे घालायचे नायत. तीस वर्षा झेलले. एक आंबा डागला नाय." मग म्हणाल्या, "हे गेल्यापासना वरून कोण टाकीतच नाय. आमी गडी लावतो, तो पिशवीतनं उतरवतो."

त्या दिवसापासून काकींच्या हातून चेंडू सुटायचा बंद झाला. मोज्यांचा चेंडू हा आंबा आहे, एवढंच त्यांनी स्वतःला बजावलं. माझ्या हातून तो रोज सुटत होता, कारण माझे गुडघे वाकत नाहीत. संधिवात आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ताठ उभं राहायची सवय गेलेली नाही.

मे महिन्यात ती दोघं आली. गाडीतून उतरताना आयुमीने कमरेतून वाकून नमस्कार केला. काकींनी गुडघे वाकवून, तळवे उघडून पवित्रा घेतला. गाडीवाला घाबरून दोन पावलं मागे सरकला. पण आयुमी त्या हातांकडे बघत राहिली, मग गुडघ्यांकडे, आणि एकदम ओरडली. काय ओरडली ते कळलं नाही, पण सामान तिथेच टाकून पिशवीतून चामड्याचा हातमोजा आणि चेंडू काढला, तेव्हा सगळ्या मांडवीला कळलं.

पहिला चेंडू तिने अगदी हळू टाकला, म्हाताऱ्या माणसाला टाकावा तसा. काकींनी तो आंब्यासारखा उतरवून घेतला आणि असा सणसणीत परत पाठवला की आयुमीचा हातमोजा वाजला. तिसऱ्या चेंडूनंतर तिने हातमोजा काढून ठेवला आणि काकी करतात तसे नुसत्या हातांनी झेलायला लागली. हात कसे खाली न्यायचे, ते काकींनी तिची मनगटं धरून दाखवलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघी अखंड बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी फटके. काकींनी करवंटीवरून चेंडू भिरकावला, धोपटणं घेऊन धावल्या, विहिरीवर टेकवलं, न्हाणीवर टेकवलं, तुळशीला नमस्कार केला, ओटीवर टेकवलं. आयुमी आ वासून बघत होती. मग ती पोट धरून खाली बसली. निलेशने हसू दाबत मला विचारलं, "सर, हे बॅट घेऊन पळायचं कोणी शिकवलं?" मी शिट्टी शोधायला घरात गेलो. बाहेर आलो तेव्हा आयुमीच धोपटणं घेऊन धावत होती आणि तुळशीपाशी थांबून डोळे मिटून नमस्कार करत होती. बहुतेक तिला वाटलं, इथला नियमच असा.

दहा दिवस कुठे गेले कळलं नाही. नववा दिवस मात्र मी विसरणार नाही. संध्याकाळी पाचाला आयुमी शिडी लावून कलमावर चढली होती. शेंड्यावर राहिलेले शेवटचे आंबे ती एकेक करून खाली टाकत होती आणि काकी खाली उभ्या राहून झेलत होत्या. वरून ती तिच्या उच्चारात ओरडायची, "नजर काढायची नाय!" आणि काकी खालून हसायच्या. मी आणि निलेश ओटीवर बसलो होतो.

निलेश म्हणाला, "सर, गेल्या वर्षी आईचा एक मेसेज आला होता. सतरा ओळींचा. पाठ आहे मला. 'त्या परक्या मुलीची सावलीसुद्धा पडता कामा नये.' आणि आज हे बघतोय. तीच बाई ते कसं लिहील, सर?"

तो माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं.  सांगून टाकायला दोन शब्द पुरले असते. त्याच्या आईचे दहा महिने मी खाल्ले होते, ती फोन कोनाड्यात ठेवून न्हाणीत जायची तेव्हा मी गडग्याला टेकून उभा होतो. पण तो चिडला तर? तो दर वेळी आल्यावर आधी माझ्या घरी येतो, सर म्हणून पाया पडतो. माझ्या घरी येऊन पाया पडणारं दुसरं कोण आहे? मी तोंड मिटलं.

तेवढ्यात कलमाखालून काकींचा आवाज आला. मान वर, हात वर, नजर आंब्यावर. "मीच लिवला होता तो! राग होता तेवा. आता नाय."

 वरून आंबा आला आणि काकींनी तो ओच्यात ठेवला.

ती दोघं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाच वाजता गडग्याशी गेलो. काकी टोपलीत चेंडू टाकत होत्या. पहिल्यांदाच माझ्याकडे मत नव्हतं. मी म्हटलं, "काकी, परवा खोटं का बोललात? ते शब्द माझे होते."

"म्हायत हाय. चष्मा लावून वाचलाय मी कितीदा. 'पिता' काय, 'घाम' काय! ह्यांना तर घाम सुद्धा यायचा नाय." त्या चेंडू उचलत म्हणाल्या, "राग मातर माजाच होता. तो तुमचा नवता."

"पण मग मला का बोलला नाहीत? वर्षभर रोज इथे उभा होतो मी. आणि निलेशसमोर स्वतःवर कशाला घेतलंत?"

काकी गडग्यापाशी आल्या. "मास्तर, तो माज्यावर कितीपण रागावला तरी परत येणार. आई हाय मी. तुमच्यावर रागावला असता, तर तुमच्याकडं कोण येणार होता वो?"

मला रडू फुटलं. आडपडदा न ठेवता सांगतो, सत्तरीला आलेला माणूस गडग्यावर डोकं टेकून रडला. काकींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "बास आता. पुसा डोळे, चेंडू दिसायचा नाय. गुडगे वाकवा."

मी वाकवले.

घरी आल्यावर मोबाइल घेतला आणि निलेशला लिहिलं, 'ते शब्द माझे होते.' एवढंच. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मग पाठवलं. तासाभरात उत्तर आलं.

'माहीत आहे, सर. वर्षभर आईचेच समजत होतो, पण या वेळी तिला दहा दिवस बोलताना ऐकलं. "कामा नये" आमच्या घरात कोणी म्हणत नाही, ते फक्त तुम्ही प्रार्थनेच्या रांगेत म्हणायचात. परवा ओटीवर तुम्हाला सोपा झेल दिला होता. तुम्ही सोडलात. आज घेतलात, बरं वाटलं. पुढच्या मे महिन्यात येतो. आयुमी तुमच्यासाठी हातमोजा आणणार आहे. तोवर गुडघे वाकवून ठेवा.'

ठेवलेत. दुखतात, पण ठेवलेत.